मुखत्यारानं दुकान मांडावं का?

२०२३ सालच्या मे महिन्याचा शेवटचा आठवडा. फायरफॉक्स वापरणाऱ्या अनेकांच्या पडद्यावर काम चालू असताना अचानक सगळं पान काळवंडलं आणि मधोमध एक मोठी चौकट उभी राहिली. वाचत असलेला लेख, अर्धवट भरलेला अर्ज, निम्मं लिहून झालेलं पत्र, सगळं त्या काळोखीमागे गेलं. चौकटीत जाहिरात होती मोझिला व्हीपीएनची, म्हणजे फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्याच सशुल्क सेवेची. ती चौकट हटवल्याशिवाय मागच्या पानाला हात लावता येत नव्हता. तक्रारींचा ओघ सुरू झाला. मोझिलानं ती जाहिरात तातडीनं थांबवली, आम्हाला जे साधायचं होतं त्याच्या नेमकं उलट घडलं अशी कबुली दिली आणि माफी मागितली.

प्रसंग तेवढाच. कुणाचे पैसे गेले नाहीत, कुणाची माहिती चोरीला गेली नाही. एक बटण दाबलं की चौकट नाहीशी होत होती. मग लोक एवढे का चिडले? रोज डझनभर जाहिराती निमूटपणे बाजूला सारणारी माणसं या एका चौकटीवर इतकी का उसळली? माझ्या मते त्यांचा राग रास्त होता. त्यांच्यातल्या बहुतेकांना तो शब्दांत नीट मांडता आला नसेल, पण जे दुखावलं गेलं ते खरं होतं.

वेबच्या तांत्रिक दस्तऐवजांत ब्राउझरला एक जुनं नाव आहे: युजर एजंट. वापरकर्त्याच्या वतीनं काम करणारा. आपल्याकडे यासाठी कचेरीतला नेमका शब्द आहे, मुखत्यार. आपण स्वतः जाऊ शकत नाही तिथे आपल्या वतीनं जाणारा, आपल्या नावानं कागद देणारा-घेणारा, समोरच्यानं काय सांगितलं ते आपल्याला जसंच्या तसं येऊन सांगणारा. ब्राउझर दिवसभर हेच करतो. आपण बँकेचा पत्ता टाकतो, तो बँकेच्या सर्व्हरकडे जातो, समोरचा सर्व्हर खरोखर त्या बँकेचाच आहे का हे प्रमाणपत्र पाहून तपासतो, मजकूर आणतो आणि आपल्यापुढे मांडतो. आपले पासवर्ड त्याच्याकडे असतात. आपण रात्री दोन वाजता कोणत्या आजाराची लक्षणं शोधली, हे घरच्यांना माहीत नसतं पण त्याला माहीत असतं.

मुखत्यारावर कायद्यानंही काही बंधनं घातली आहेत. १८७२ चा भारतीय करार कायदा सांगतो की, एजंटानं मालकाच्या नकळत त्याच्याच कामात स्वतःसाठी व्यवहार केला, तर त्यातून झालेला फायदा मागण्याचा हक्क मालकाला आहे. ब्राउझरवर या कलमाखाली खटला भरता येईल, असं मी म्हणत नाही. पण त्यामागचं शहाणपण दीडशे वर्षांपूर्वीही स्पष्ट होतं: दुसऱ्याच्या वतीनं बोलणारा माणूस त्याच बैठकीत स्वतःसाठीही बोलू लागला, तर त्याचं कोणतं वाक्य कुणासाठी आहे हे मालकाला कळेनासं होतं. आणि ते कळेनासं झालं की मुखत्यारपत्राला कागदापलीकडे किंमत राहत नाही.

याचा अर्थ काय होतो, हे मी आमच्या शेजारच्या काकूंच्या घरी पाहिलं. काकू निवृत्त शिक्षिका. पेन्शन, वीजबिल, नातवाच्या शाळेची फी, सगळं मोबाइलवर स्वतः करतात. एका दुपारी त्यांनी घाबरून हाक मारली. "अरे, जरा बघ हे काय म्हणतंय. माझं खातं उघडं पडलंय का?" मी पाहिलं. पडद्यावर वर ढालीचं चित्र, खाली दोन ओळी: तुमचा संपर्क सुरक्षित नाही, आताच संरक्षण सुरू करा. त्याखाली रुंद निळं बटण आणि कोपऱ्यात फिकट अक्षरांत 'नंतर'. ती त्यांच्या ब्राउझरनं दाखवलेली, त्याच्याच पैसे घेणाऱ्या सेवेची जाहिरात होती. मी समजावलं, "काकू, खात्याला काही झालेलं नाही. ही जाहिरात आहे. नंतर दाबा आणि सोडून द्या." त्यांनी दाबलं आणि सोडून दिलं.

तीन-चार आठवड्यांनी पुन्हा हाक आली, या वेळी दुसऱ्याच कामासाठी. बोलता बोलता काकू म्हणाल्या की, मधे एका साइटवर जाताना तसलंच काहीतरी आलं होतं, संपर्क खासगी नाही वगैरे. "तीच जाहिरात असेल म्हटलं, आणि गेले पुढे." ती जाहिरात नव्हती. ती खरी सूचना होती. त्या साइटच्या प्रमाणपत्राची मुदत संपली होती आणि ब्राउझर आपलं काम चोख करत होता. साइट एका छोट्या संस्थेची होती, म्हणून निभावलं. बँकेच्या साइटची नक्कल असती तर?

माझ्या दृष्टीनं या सगळ्या प्रश्नाचा गाभा इथे आहे. ब्राउझरकडे आपल्याला सावध करण्यासाठी एकच आवाज असतो. त्याच आवाजात तो 'पुढे जाऊ नका, इथे धोका आहे' असं सांगतो. तोच आवाज, तीच ढाल, तोच कुलुपाचा आकार, तेच 'सुरक्षित नाही' हे शब्द वापरून तो स्वतःची सेवा विकू लागला, तर वापरणारा माणूस दोन्ही आवाज एकत्रच बंद करतो. जाहिरातीकडे दुर्लक्ष करण्याची सवय लागते आणि त्या सवयीला सूचना व जाहिरात यांतला फरक कळत नाही. तंत्रज्ञान जाणणारा माणूस एका नजरेत फरक ओळखतो. काकूंनी तो का ओळखावा? त्यांनी ब्राउझरवर विश्वास टाकला होता, तो हा फरक त्यानंच सांभाळावा म्हणून.

आता व्हीपीएन म्हणजे नेमकं काय विकलं जातं, हे पाहू. एरवी आपल्या मोबाइलची किंवा संगणकाची वाहतूक आधी आपल्या इंटरनेट कंपनीकडे जाते आणि तिथून जगाकडे. आपण कोणकोणत्या साइटना भेट दिली हे त्या कंपनीला दिसू शकतं, आणि आपण ज्या साइटवर जातो तिला आपला आयपी पत्ता दिसतो. व्हीपीएन घेतलं की आपली सगळी वाहतूक एका बंदिस्त बोगद्यातून आधी व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरवर जाते. इंटरनेट कंपनीला फक्त बोगदा दिसतो. साइटला आपल्या पत्त्याऐवजी व्हीपीएनचा पत्ता दिसतो. सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याला, पाळतीखाली काम करणाऱ्या पत्रकाराला, एखादी साइट बंद असलेल्या देशातल्या माणसाला याचा खरा उपयोग आहे.

पण त्याच्या मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत. आज बहुतेक साइट एचटीटीपीएसवर चालतात, म्हणजे पानावरचा मजकूर आधीच कुलूपबंद असतो. आपण आपल्या नावानं लॉगिन केलं की व्हीपीएन असो वा नसो, त्या कंपनीला आपण कोण हे कळतंच. कुकीज तशाच राहतात. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, इंटरनेट कंपनीला जे दिसत होतं ते आता व्हीपीएन कंपनीला दिसू शकतं. पाहणारा नाहीसा होत नाही, बदलतो. म्हणजे गिऱ्हाईक पैसे मोजतं ते एका वाक्यासाठी: आम्ही पाहणार नाही, आणि पाहिलं तरी नोंद ठेवणार नाही. आपल्या खोलीत बसून या वाक्याची शहानिशा करण्याचं कोणतंही साधन त्याच्याकडे नसतं.

व्हीपीएनच्या दुकानात विश्वासाशिवाय दुसरा माल नाही. म्हणून तो विकण्याची पद्धत हासुद्धा मालाचाच भाग असतो. साबण विकणाऱ्यानं रस्ता अडवून साबण विकला तर माणूस वैतागेल, पण साबणाचा फेस कमी होणार नाही. 'आम्ही तुमच्या मर्जीचा मान राखतो' हे वाक्य विकणाऱ्यानं माणसाचं काम अडवून, पडदा काळा करून ते विकलं, तर तो विकता विकताच माल नासवतो.

लोकांच्या संशयाला पूर्वानुभवाचीही जोड आहे. फेसबुकनं २०१३ साली ओनावो ही कंपनी घेतली. पुढे २०१८ मध्ये फेसबुकच्या आयफोन ॲपमध्ये 'प्रोटेक्ट' नावाचा एक पर्याय दिसू लागला. संरक्षण या नावाखाली तो वापरणाऱ्याला ओनावोच्या व्हीपीएनकडे नेत होता, आणि त्या व्हीपीएनमधून लोक कोणती ॲप किती वापरतात याची माहिती फेसबुकला मिळत होती. ॲपलच्या नियमांपुढे त्याच वर्षी ओनावोचं ॲप ॲप स्टोअरमधून काढावं लागलं. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयानं याच प्रकरणी फेसबुकच्या दोन उपकंपन्यांना मिळून २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. अवास्त ही विषाणूरोधक सॉफ्टवेअरची कंपनी. तुमचा माग काढणाऱ्यांना आम्ही अडवतो, असं सांगणारी तिची ब्राउझरमधली साधनं लोकांचा ब्राउझिंगचा इतिहास गोळा करत होती आणि जंपशॉट या उपकंपनीमार्फत तो विकला जात होता. २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं तिला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. कुंपणानंच शेत खाल्ल्याची ही उदाहरणं डोळ्यांपुढे असताना, संरक्षण विकायला आलेल्या प्रत्येकाकडे माणसानं दोनदा पाहिलं तर त्यात त्याचा दोष नाही.

मोझिलाला मी या दोघांच्या पंक्तीत बसवत नाही. तसं करणं अन्यायाचं होईल. मोझिलाचं व्हीपीएन स्वीडनच्या मुलवाड या कंपनीच्या सर्व्हरवर चालतं आणि या क्षेत्रात मुलवाडचं नाव आदरानं घेतलं जातं. सेवा चांगली आहे. पण चांगल्या मालाची वाईट विक्री इथे अधिक बोचते, कारण ज्याच्याकडून अपेक्षा असते त्याच्याकडूनच निराशा होते. मोझिलाच्या जाहीरनाम्यात म्हटलं आहे की, इंटरनेटवर माणसाची सुरक्षितता आणि खासगीपणा मूलभूत आहेत, त्यांना ऐच्छिक बाब मानू नये. ज्या संस्थेनं हे तत्त्व लिहून ठेवलं, तिच्या जाहिरातीकडे लोक साध्या जाहिरातीच्या मापानं पाहणार नाहीत.

या संस्थेचं आणि तिच्या लोकांचं नातंही साधं नाही. ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती आली. त्या काळी मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोररपुढे टिकणं अशक्य वाटत होतं. त्याच वर्षी १६ डिसेंबरला न्यूयॉर्क टाइम्समध्ये फायरफॉक्सची दोन पानी जाहिरात छापून आली. तिचा खर्च सुमारे १० हजार सामान्य लोकांनी वर्गणी काढून केला होता आणि त्यांची नावं बारीक अक्षरांत त्या पानांवर छापली होती. पुढे जगभरच्या स्वयंसेवकांनी ब्राउझर आपापल्या भाषेत नेला. फायरफॉक्स मराठीत वापरता येतो तो अशाच हातांमुळे. ज्या लोकांनी स्वतःच्या खिशातून या ब्राउझरची जाहिरात केली, त्यांच्याच पडद्यावर साडेअठरा वर्षांनी त्या ब्राउझरनं जाहिरात आडवी घातली. चीड का आली, याचं उत्तर या दोन जाहिरातींमधल्या अंतरात आहे.

यावर दुसरी बाजू आहे आणि ती मला पूर्ण मान्य आहे. ब्राउझर फुकट मिळतो, पण बनवणं फुकट होत नाही. मोझिलाच्या उत्पन्नाचा फार मोठा भाग, गेल्या काही वर्षांत साधारण तीन चतुर्थांशांहून अधिक, सर्च इंजिनांशी केलेल्या करारांतून येतो आणि त्यात गूगलचा वाटा सर्वांत मोठा आहे. म्हणजे क्रोमचा प्रतिस्पर्धी क्रोमच्या मालकाच्या पैशावर उभा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलनं सर्चमधली मक्तेदारी बेकायदा टिकवली असा निकाल दिला, तेव्हा हे पैसे बंद होतात की काय, अशी टांगती तलवार मोझिलावर आली. सप्टेंबर २०२५ च्या पुढच्या आदेशात असे पैसे देण्यावर सरसकट बंदी आली नाही, पण एकाच दात्याच्या ओंजळीनं पाणी पिणं किती धोक्याचं आहे, हे सर्वांना दिसलं.

आणि फायरफॉक्स बुडाला तर नुकसान सगळ्यांचं आहे. ऑपेरा या ब्राउझरनं वेबपान पडद्यावर उभं करणारं स्वतःचं इंजिन २०१३ मध्ये सोडलं. मायक्रोसॉफ्टनं २०१८ च्या डिसेंबरमध्ये आपला एज ब्राउझर क्रोमियमवर, म्हणजे गूगलचं क्रोम ज्यावर उभं आहे त्या पायावर, नेण्याची घोषणा केली. ब्रेव्ह आणि विवाल्डीही क्रोमियमवरच उभे आहेत. ॲपलचं वेबकिट वगळलं तर मोठ्या प्रमाणावर वापरलं जाणारं वेगळं इंजिन मोझिलाचं गेको एवढंच उरलं आहे. म्हणून 'मोझिलानं काहीच विकू नये' असं म्हणणाऱ्याला मी विचारीन, मग तिनं जगावं कशावर? फुकट वापरायचं, देणगी द्यायची नाही आणि संस्थेनं विकायला काही ठेवलं की संतापायचं, हा वापरणाऱ्याचाही न्याय नव्हे.

पैसे मागायला माझी हरकत नाही. कसे मागावेत, हा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर मोझिलाच्या घरातच आहे. थंडरबर्ड हा ईमेलचा कार्यक्रम मोझिला फाउंडेशनच्याच एका उपकंपनीत बनतो. तो जवळजवळ पूर्णपणे वापरणाऱ्यांच्या देणगीवर चालतो. तोही पैसे मागतो, अगदी कार्यक्रमाच्या आत मागतो. पण मागताना सांगतो की हे आवाहन आहे, पैसे कशासाठी हवेत, आणि न दिले तरी तुमचं काही अडणार नाही. २०२२ साली लोकांनी त्याला ६० लाख डॉलरहून अधिक दिले. फायरफॉक्सच्या बाबतीत मात्र अशी सरळ वाटच नाही. मोझिला फाउंडेशनला दिलेली देणगी ब्राउझर बनवण्याकडे जात नाही, कारण ब्राउझर बनवते ती मोझिला कॉर्पोरेशन. ज्याला फायरफॉक्ससाठीच चार पैसे द्यायचे आहेत त्याला ते देता येत नाहीत, आणि ज्याला व्हीपीएन नको आहे त्याला ते दाखवलं जातं. हा घोळ मोझिलानं सोडवला तर तिला अनेक चौकटी काढाव्या लागणार नाहीत.

मुलवाडचं उदाहरणही पाहण्याजोगं आहे. महिन्याला ५ युरो, हा दर त्या कंपनीनं वर्षानुवर्षं बदललेला नाही. खातं उघडताना नाव लागत नाही, ईमेल लागत नाही. एक क्रमांक मिळतो आणि तेच खातं. रोख रक्कम पाकिटात घालून पाठवली तरी चालते. आपोआप पैसे कापणारी वर्गणी तिनं २०२२ मध्ये स्वतःहून बंद केली, कारण त्यासाठी गिऱ्हाइकाची जास्त माहिती ठेवावी लागत होती. एप्रिल २०२३ मध्ये स्वीडनचे पोलीस झडतीचं वॉरंट घेऊन तिच्या गोथेनबर्गच्या कचेरीत गेले आणि गिऱ्हाइकांची माहिती न घेता परतले, कारण न्यायला ती नव्हतीच. 'आम्ही नोंद ठेवत नाही' या वाक्याला त्या दिवशी वजन आलं. त्यानंतर पाच-सहा आठवड्यांतच फायरफॉक्सनं त्याच सर्व्हरवर चालणारी सेवा पडदा अडवून विकायचा प्रयत्न केला. एकानं विश्वास कमावला तो वागण्यातून, दुसऱ्यानं तो हक्काचा समजून वापरायला काढला.

खासगीपणा विकण्यात आणखी एक पेच आहे आणि तो फक्त मोझिलाचा नाही. ब्राउझर स्वतः जितका सुरक्षित होईल, तितकी त्याच्या सशुल्क संरक्षणाची गरज कमी वाटेल. म्हणजे विक्री वाढवायची तर गिऱ्हाइकाच्या मनातली भीती ताजी राहिली पाहिजे. डॉक्टरांचा स्वतःचा औषधाचा कारखाना असला तर त्यांनी दिलेलं औषध चुकीचंच असेल असं नाही. पण रोगी प्रत्येक वेळी विचारात पडेल की हे माझ्यासाठी लिहिलं की कारखान्यासाठी. मोझिलानं माग काढणाऱ्या कुकीज अडवण्याची सोय २०१९ पासून सर्वांना मूळ सेटिंगमध्येच, फुकट दिली. हे तिच्या बाजूचं ठोस काम आहे. ते चालू राहणार आणि सशुल्क सेवेसाठी त्यातलं काही मागे ठेवलं जाणार नाही, एवढी हमी तिनं उघडपणे दिली पाहिजे.

आपल्या देशात या वागण्याला आता कायद्यातही नाव मिळालं आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्नविषयी मार्गदर्शक तत्त्वं काढली. गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या किंवा भाग पाडणाऱ्या १३ पद्धती त्यात सांगितल्या आहेत. त्यांतली एक म्हणजे तगादा: व्यवहार घडवून आणण्यासाठी माणसाच्या कामात पुन्हा पुन्हा व्यत्यय आणणं. दुसरी म्हणजे इतर मजकुराचा वेष घेतलेली जाहिरात. एकदा आलेली चौकट तगाद्याच्या व्याख्येत बसते की नाही, यावर वकील वाद घालतील. पण नियम लिहिणाऱ्यांनी जे ओळखलं ते महत्त्वाचं आहे: माणसाचं लक्ष आणि त्याचं चालू असलेलं काम ही त्याची मालमत्ता आहे, आणि त्यावर पाय देऊन विकणं हा ग्राहकावरचा अन्याय आहे.

म्हणून ब्राउझर बनवणाऱ्या प्रत्येकाकडे माझी मागणी चार गोष्टींची आहे. सूचना आणि जाहिरात यांचं रूप कधीही एक असू नये. ढाल, कुलूप आणि 'असुरक्षित' हा शब्द फक्त खऱ्या धोक्यासाठी राखून ठेवावा. चालू काम कधीही अडवू नये. जे विकायचं ते नव्या टॅबच्या पानावर किंवा सेटिंगमध्ये, जाहिरात म्हणून नाव देऊन मांडावं. 'नको' हे बटण 'हो'इतकंच मोठं असावं, आणि एकदा नको म्हटलं की ते कायमचं नको समजावं. त्यासाठी सेटिंगच्या तळघरात उतरायला लागू नये. आणि सेवा काय करते त्याच्या शेजारीच ती काय करत नाही, हेही तितक्याच मोठ्या अक्षरांत लिहावं. यांतल्या एकाही गोष्टीनं विक्री बंद होत नाही. फक्त घाबरून किंवा वैतागून झालेली विक्री बंद होते.

आणि वाचकहो, आपलंही एक काम आहे. ज्या ब्राउझरवर आपला भरवसा आहे, त्याच्या कामासाठी पैसे देण्याची सरळ वाट मिळाली तर त्या वाटेनं चार पैसे द्या. त्यानं वाट अडवली तर गप्प बसू नका, तक्रार नोंदवा. २०२३ च्या मे महिन्यात तक्रारी आल्या म्हणूनच ती चौकट गेली. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ एकदा दहा मिनिटं बसून त्यांना खरी धोक्याची सूचना कशी दिसते ते दाखवा. ब्राउझर तो फरक सांभाळत नाही तोवर तो आपल्यालाच सांभाळावा लागेल.